फोड, केसतूड आणि दर पावसाळ्यात सुजणारा पाय: जंतू कुठून शिरतात आणि दुर्लक्ष केलं तर काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातलं एक कुटुंब. वडील ६३ वर्षांचे, मधुमेही. गेले तीन पावसाळे त्यांचा उजवा पाय थंडी-तापासह लाल होऊन सुजतो. सहा वर्षांच्या मुलाच्या नाकाखाली आणि ओठाजवळ फोड येतात, फुटतात आणि त्यावर पिवळी खपली धरते. प्रश्न विचारणाऱ्यांना स्वतःला काखेत आणि मांडीवर वारंवार केसतुडं होतात. "सगळ्यांचंच रक्त खराब झालंय का, रक्तशुद्धीचं काही घ्यावं का, आणि असंच चालू राहिलं तर पुढे काय होऊ शकतं?"

रक्त खराब झालेलं नाही. रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. त्यातल्या पातळ औषधांत बऱ्याचदा साखर असते, ती वडिलांना आणखी नडेल. तिघांना तीन निरनिराळे आजार आहेत, पण जंतू बहुतेक दोनच: स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस. पुढे सोयीसाठी स्टॅफ आणि स्ट्रेप म्हणू. हे दोघंही रक्तातून कातडीत येत नाहीत, बाहेरून कातडीत शिरतात. कुठून शिरले ते शोधलं नाही तर गोळ्यांनी या वेळचं दुखणं बरं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर होतं. तुमच्या घरी नेमकं हेच चाललं आहे.

स्टॅफ हा परका नव्हे. साधारण तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकपुडीत तो मुक्कामाला असतो आणि त्याला काही त्रासही होत नाही. नाकात बोट, तेच बोट काखेत किंवा मांडीवर खाजवायला, असा त्याचा रोजचा प्रवास. स्ट्रेप घशात असतो आणि लहान मुलांच्या कातडीवर सहज पसरतो. दोघांची वागणूक वेगळी आहे. स्टॅफ आपल्याभोवती रक्तातलं फायब्रिन गोठवून कुंपण करतो, म्हणून त्याचा पू एका जागी साठतो: पुळी, केसतूड, गळू. स्ट्रेप उलट पेशींमधला चिकट द्रव्याचा थर विरघळवत पुढे सरकतो, म्हणून त्याने पू कमी आणि पसरत जाणारी लाली जास्त. कातडीकडे नुसतं पाहून जंतूचा अंदाज बांधता येतो तो यावरून.

निरोगी कातडी या दोघांनाही सहसा दाद देत नाही. तिचा वरचा थर कोरडा असतो, सतत झडत असतो आणि किंचित आंबट असतो, पीएच ५ च्या आसपास. साध्या साबणाचा पीएच ९ ते १०. दिवसातून तीनदा साबणाने अंग घासणारे, किंवा कपड्याच्या वडीनेच आंघोळ उरकणारे, हे संरक्षण स्वतःच्या हाताने धुऊन टाकतात. मग एखादा ओरखडा, वस्तऱ्याचा काप, डास चावून खाजवलेली जागा, टाचेची भेग, बोटांच्या बेचक्यातली चिखली, इसबाची फुटलेली कातडी, सलाईनची सुई टोचलेली जागा, एवढं पुरतं.

नागपूरचं हवामान काय करतं

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की घामोळं येतं. घामाच्या नळीचं तोंड बुजतं, खाज सुटते, नख लागतं आणि दोन दिवसांत त्याच जागी पिवळ्या टोकाच्या पुळ्या उठतात. नेमका तोच आंब्यांचा हंगाम, म्हणून दोष आंब्यावर जातो. आंबा पोटात गेल्याने फोड येत नाहीत. देठाजवळचा चीक ओठाला लागला तर मात्र तिथली कातडी जळते आणि त्या जागेवर जंतू बसू शकतो. आंबा तासभर पाण्यात ठेवून, देठ कापून, चीक धुऊन खाल्ला की हे टळतं. घामोळ्यावर टाल्कम पावडरचे थर देणं बंद करा. घाम आणि पावडर मिळून चिकट लगदा होतो आणि नळीचं तोंड आणखी बुजतं. बाळाला उन्हाळ्यात तेल चोळून तसंच ठेवलं तरी केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. तेल लावायचंच तर आंघोळीआधी, आणि नंतर धुऊन काढायचं.

पाऊस लागला की खेळ बदलतो. कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण जुलैत तोच कूलर खोलीत दमटपणा भरतो आणि घाम वाळत नाही. वाळत घातलेले कपडे दोन दिवस ओलसर राहतात, आणि तेच मोजे-चड्डी अंगावर चढतात. रामटेक-मौद्याकडे भाताच्या रोवणीला बांधीत, म्हणजे पाणी साचलेल्या खाचरात, दिवसभर उभ्या असणाऱ्या बायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ठरलेल्याच. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत बारा तास सेफ्टी शूज घालणाऱ्यांचे तळवे पांढरे पडून सोलतात, त्यावर बारीक खड्डे पडतात आणि घाण वास येतो. हाही जिवाणूंचाच संसर्ग आहे, बुरशी नव्हे, त्यामुळे बुरशीची मलमं त्यावर फुकट जातात. श्रावणात नागद्वारच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या पायांना फोड येतात; ते फोड फुटून चिखलात गेले की आठवड्याने मांडीच्या सांध्यात अवधाण (सुजलेली, दुखरी गाठ) घेऊन माणूस परततो. सप्टेंबर २०२३ मध्ये नाग नदीचं आणि अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं, तसल्या गढूळ पाण्यातून चालल्यावर पाय साबणाने धुणं, खरचटलेलं तपासणं आणि धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवणं, ही त्याच दिवसाची कामं असतात. घाणीत झालेल्या जखमेसाठी आधीच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा डोस घ्यावा लागतो.

मुलाच्या तोंडाभोवतीचे फोड

पिवळसर, मध वाळल्यासारखी खपली हे इम्पेटायगो या कातडीच्या वरवरच्या संसर्गाचं लक्षण. नाक गळतं, वरच्या ओठावरची कातडी ओली राहून फाटते, मूल ती चोळतं आणि जंतू आत. एका फोडातलं पाणी बोटाने दुसरीकडे जातं आणि दोन दिवसांत हनुवटीवर, गालावर, भावंडाच्या दंडावर फोड दिसतात.

फोड चार-पाचच असतील तर गोळ्या नकोत. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात भिजवून दहा मिनिटं खपलीवर ठेवा. खपली मऊ झाली की हलकेच पुसून काढा आणि मग म्युपिरोसिन २ टक्के किंवा फ्युसिडिक अॅसिड २ टक्के मलम लावा, दिवसातून दोन-तीनदा, पाच ते सात दिवस. मलम खपलीच्या वर लावणं ही नेहमीची चूक. जंतू खपलीखाली असतो, औषध वरच राहतं आणि मग "मलम लागू पडत नाही" अशी तक्रार होते. फोड जास्त असतील, ताप असेल किंवा घरात दोघा-तिघांना असेल तर पोटात घ्यायचं अँटिबायोटिक लागतं, मुलाच्या वजनावर मात्रा काढून. त्याची नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा.

एक तपासणी मात्र चुकवू नका. मुलाला रात्री खाज सुटते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, लघवीच्या जागी बारीक पुरळ आहे का? असेल तर मूळ आजार खरूज आहे आणि फोड हे खाजवल्याचं फळ. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत फोडांची साथ येते तेव्हा मुळाशी बऱ्याचदा खरूजच निघते. मग परमेथ्रिन ५ टक्के क्रीम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. एकट्या मुलाला लावलं तर महिन्याभरात खरूज परत येते.

या आजाराची गुंतागुंत कातडीवर दिसत नाही, लघवीत दिसते. स्ट्रेपच्या काही जाती कातडीला झालेल्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज आणतात. फोड तोवर वाळून गेलेले असतात, त्यामुळे संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची लघवी, लघवी कमी होणं, डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी लघवीची तपासणी आणि रक्तदाब, दोन्ही करून घ्या. मुलाचा रक्तदाब मोजायला लहान पट्टा लागतो. मोठ्यांचा पट्टा लावला तर आकडा खोटा कमी येतो. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब चढून झटके येण्याचा धोका पहिल्या आठवड्यात असतो. वेळेवर अँटिबायोटिक दिल्याने ही सूज हमखास टळते असं नाही. त्याने जंतूचा घरातला प्रसार थांबतो, तेवढा फायदा नक्की.

पाच वर्षांखालच्या मुलांत आणखी एक प्रकार होतो. स्टॅफचं विष रक्तात उतरून सगळ्या अंगाची कातडी भाजल्यासारखी लाल होते, हात लावला तर मूल कळवळतं आणि बोटाने चोळलं तरी साल निघते. त्याला घरी ठेवायचं नसतं.

काखेतली केसतुडं

केसाच्या मुळाशी जंतू गेला की आधी पुळी, मग खोलवर गेला की केसतूड, आणि शेजारची चार-सहा मुळं एकत्र पेटली की अनेक तोंडांचं मोठं गळू. मानेच्या मागे आणि पाठीवर असं अनेक तोंडांचं गळू झालेला माणूस दिसला की आधी साखर तपासायची असते. मधुमेह असल्याचं अशा गळवामुळेच पहिल्यांदा कळणारे थोडे नाहीत.

केसतूड कच्चं असताना शेकणं हाच उपाय. सोसवेल इतक्या गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. जवसाचं पोटीसही ऊब धरून ठेवतं म्हणूनच उपयोगी पडतं. त्यात काही जादू नाही, आणि कातडी फुटलेली असेल तर ते लावूही नये. गूळ-चुन्याने कातडी जळते. शेण आणि राख म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. टूथपेस्टबद्दल न बोललेलं बरं.

दाबून पू काढणं हा सगळ्यात महागात पडणारा घरगुती उपाय. वर सांगितलेलं कुंपण दाबल्याने आतल्या बाजूला फुटतं आणि पू खाली चरबीत उतरतो. नाकावर, नाकाच्या बाजूला आणि वरच्या ओठावर, म्हणजे नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणात, तर कदापि नाही. तिथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीला मिळतात. दाबलेल्या पुळीनंतर डोळा सुजला, पापणी उघडेना, एकाचे दोन दिसू लागले, तापाबरोबर डोकं ठणकू लागलं, तर हे काम त्वचारोगतज्ज्ञाचंही राहत नाही, सरळ मोठं इस्पितळ.

गळू मऊ पडलं, बोटांखाली पाणी हलल्यासारखं वाटलं की चीर देऊन पू काढावा लागतो. गोळ्यांनी साठलेला पू जिरत नाही. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, तिथपर्यंत औषध पुरेसं पोचतच नाही. तरी लोक दहा-दहा दिवस गोळ्या खातात, कारण चीर नको असते. चीर देताना दुखतं हेही खरं आहे. पुवाभोवतीचं पाणी आम्लधर्मी असल्याने बधिर करणारी सुई तिथे नीट लागू पडत नाही, म्हणून जाणता सर्जन थोडं दूरून, गोलाकार भूल देतो. पू ट्यूबमध्ये घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते पाहायला, पाठवा असं आपणहून सांगा. बाहेर वाळलेल्या पुवावरून फिरवलेला कापूस उपयोगाचा नाही, आतला पू हवा, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधीचा. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात.

कल्चरचा आग्रह यासाठी की नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ, ज्याला एमआरएसए म्हणतात, आपल्याकडे बराच आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अलीकडच्या अहवालांत मोठ्या इस्पितळांतल्या स्टॅफच्या नमुन्यांत त्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांच्या घरात आहे. ते आकडे इस्पितळांचे आहेत, गल्लीतल्या प्रत्येक केसतुडाला लागू नाहीत. पण वारंवार होणाऱ्या केसतुडात अंदाजाने सेफॅलेक्सिन, मग अंदाजाने अॅझिथ्रोमायसिन, मग अंदाजाने लिनेझोलिड असा जिना चढण्यापेक्षा एक कल्चर स्वस्त पडतं.

आता तुमचा मुद्दा: वारंवार का? वर्षात तीन-चारदा झालं तर आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) करा. वडील मधुमेही आहेत म्हणून तुमचा धोका वाढलेलाच आहे. काखेतले केस उलट्या दिशेने घासून काढत असाल तर थांबवा, कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करा. घट्ट जीन्समध्ये दुचाकीवर तासन्‌तास बसणाऱ्यांच्या मांड्या आणि बूड हीच केसतुडाची ठिकाणं. नाकातला स्टॅफ घालवायचा तर म्युपिरोसिनचं नाकासाठीचं मलम, मुगाच्या दाण्याएवढं, दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून दोनदा, पाच दिवस. त्याच पाच दिवसांत क्लोरहेक्सिडिन ४ टक्के द्रावणाने मानेखालची आंघोळ, द्रावण अंगावर दोन-तीन मिनिटं ठेवून मग पाणी. डोळ्यांत आणि कानांत जाऊ देऊ नका. टॉवेल, उशीचा अभ्रा आणि आतले कपडे रोज गरम पाण्यात. घरातल्या एकानेच हे केलं तर दुसऱ्याच्या नाकातून जंतू परत येतो, म्हणून सगळ्यांनी एकाच आठवड्यात.

केसतुडं फक्त काखेत आणि जांघेतच येत असतील, जवळजवळ दोन तोंडांचे काळे ठिपके दिसत असतील, बरी होताना दोरीसारखे व्रण राहत असतील, तर तो जंतुसंसर्ग नसून हायड्राडेनायटिस नावाचा वेगळा आजार असू शकतो. सिगारेट आणि वाढलेलं वजन त्याला खतपाणी घालतात. त्याला सात दिवसांच्या गोळ्यांचा उपयोग नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे दीर्घ उपचार लागतात.

मेडिकल स्टोअरमधून मिळणारी तीन-चार औषधं एकत्र असलेली, "खाज-खुजली, गजकर्ण, सगळ्यावर चालणारी" मलमं घरात असतील तर फेकून द्या. त्यात कडक स्टेरॉइड असतं. त्याने लाली दोन दिवस दबते, तेवढ्यात जंतू आणि बुरशी दोघंही फोफावतात, आणि कातडी कागदासारखी पातळ होऊन जरा घासलं तरी फाटते.

वडिलांचा पाय

तिघांत काळजीचा हाच. थंडी वाजून ताप, काही तासांतच नडगीवर पसरणारी गरम, दुखरी लाली, चकचकीत ताणलेली कातडी, मांडीच्या सांध्यात अवधाण: ही सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या खोल थरांचा संसर्ग. जंतू बहुधा स्ट्रेप. दर वर्षी तोच पाय, म्हणजे त्या पायात शिरायची वाट कायमची उघडी आहे. ती बहुतेक वेळा चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात सापडते. वडिलांना खुर्चीवर बसवा, उजेडात प्रत्येक बेचकं उघडून पाहा. पांढरी, भिजलेली, सोलणारी कातडी किंवा बारीक चीर दिसली तर तीच वाट. तिथे बुरशी असते, ती कातडी फोडते आणि स्ट्रेप आत जातो. क्लोट्रिमाझोल १ टक्का दिवसातून दोनदा, आणि बेचकं साफ दिसायला लागल्यावरही आणखी दोन आठवडे. आंघोळीनंतर प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्याने टिपायचं. जाड बोटं एकमेकांना चिकटत असतील तर मध्ये कापसाचा पातळ थर ठेवायचा.

मधुमेहाने इथे तीन बाजूंनी नुकसान होतं. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत उशिरा पोचतात आणि पोचल्या तरी त्याला नीट मारत नाहीत. पायाचा रक्तपुरवठा कमी होतो. आणि तळव्याची जाणीव जाते. मे महिन्यात दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी चाललेल्या मधुमेही माणसाच्या तळव्याला फोड येतात आणि त्याला संध्याकाळी मोजा ओला झाल्यावरच कळतं. अशा पायाला काटा, खिळा, चपलेचा अंगठा, काहीही पुरतं. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत किंवा पऱ्हाटीच्या धसकटांत वावरणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याने बंद बूट घालायचे, आणि पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा.

विदर्भात सेल्युलायटिस वारंवार होण्याचं आणखी एक कारण शोधायलाच हवं: हत्तीरोग. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात क्युलेक्स डासामार्फत पसरणारा हा कृमी जुना रहिवासी आहे. तो लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींमधलं जादा पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या, बिघडवतो, पायातलं पाणी उपसलं जात नाही आणि साचलेल्या प्रथिनयुक्त पाण्यात स्ट्रेपचं फावतं. सेल्युलायटिसचा प्रत्येक झटका उरलेल्या लसिकावाहिन्या खराब करतो, त्यामुळे सूज वाढते, त्यामुळे पुढचा झटका लवकर येतो. हे चक्र तोडण्यासाठी झटक्यांच्या मधल्या काळातही पायाची सूज राहते का, मोज्याची खूण उमटते का, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरता येते का, ते पाहा. चिमूट धरता येत नसेल तर लसिकासूज आहे. हत्तीरोगाची तपासणी सरकारी यंत्रणेत होते. रात्रीचं रक्त घेतात, कारण या कृमीची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात. हत्तीरोगाच्या सरकारी मोहिमेत घरी गोळ्या वाटायला येतात तेव्हा "आम्हाला काही झालं नाही" म्हणून त्या परत पाठवू नयेत.

झटका आला की: अँटिबायोटिक लगेच, बहुधा सेफॅलेक्सिन, क्लॉक्सॅसिलिन किंवा अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट, पेनिसिलिनची अॅलर्जी नसेल तर. किमान पाच दिवस. पाचव्या दिवशी बरंच कमी झालं नसेल तर पुढे. गोळ्यांइतकंच महत्त्व पाय उंच ठेवण्याला आहे. उशीवर घोटा टेकवणं पुरत नाही, टाच छातीच्या वर हवी. पलंगाच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा सरकवल्या की रात्रभर उंची मिळते. रक्तपुरवठा खूपच कमी असलेल्या पायाला मात्र हे चालत नाही, तेव्हा आधी डॉक्टरांना पायाची नाडी तपासायला सांगा.

लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. औषध सुरू झाल्यावर पहिले २४ ते ४८ तास लाली रेघेबाहेर थोडी जाऊ शकते. तेवढ्यावर औषध बदलू नका. ताप आणि दुखणं आधी उतरायला हवं. ४८ तासांनंतरही ताप तसाच आणि लाली पुढे, तर औषध चुकतंय किंवा आत पू आहे. आणि दोन्ही पाय एकाच वेळी सारखेच लाल झाले असतील, ताप नसेल, तर ती बहुधा सेल्युलायटिस नव्हेच. शिरांच्या विकाराने होणारा दाह असतो आणि त्यावर अँटिबायोटिक वाया जातं. पोटरी ताठ, दुखरी आणि लाली कमी असेल तर शिरेत गुठळी नाही ना, याची सोनोग्राफी.

वर्षात तीन-चार झटके येऊ लागले तर बेन्झाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिटचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी देण्याची पद्धत आहे. ते दुखतं, पण झटके कमी होतात. वडिलांना सध्या वर्षाला एक होतो आहे. त्यांना आधी बेचकं, साखर आणि सूज यांवर मेहनत पुरेशी ठरावी.

कधी धावायचं

कातडीवर दिसतं त्याच्या मानाने दुखणं फारच जास्त असेल, तर थांबू नका. कातडी जेमतेम लाल, आणि माणूस मात्र ओरडतोय, हे चिन्ह नेक्रोटायझिंग फॅसिआयटिसचं, म्हणजे कातडीखालचा पडदा आणि चरबी सडत जाण्याचं. पुढे तिथली जागा लाकडासारखी घट्ट लागते, निळसर-काळे फोड येतात, दाबलं तर कुरकुर जाणवते, आणि मग दुखायचं अचानक थांबतं. नातेवाईक "आराम पडला" म्हणतात; खरं तर तिथल्या नसा मेलेल्या असतात. यावर अँटिबायोटिक एकटं चालत नाही, सडलेला भाग काही तासांत कापून काढावा लागतो, आणि तरीही साधारण चारांपैकी एखादा रुग्ण दगावतो. रात्र असेल तर सकाळची वाट न पाहता मेडिकल, मेयो (नागपुरातली दोन मोठी सरकारी इस्पितळं) किंवा सर्जन हजर असलेलं जवळचं कोणतंही इस्पितळ गाठा. मधुमेही पुरुषांत हेच अंडकोषाच्या भागात होतं आणि लाजेपायी दोन दिवस लपवलं जातं. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकची सुई घेत राहिलं तर हीच खूण झाकली जाते, शिवाय मूत्रपिंडांवर ताण येतो. साधं पॅरासिटामॉल घ्या.

याखेरीज श्वास मिनिटाला २२ च्या वर, नाडी शंभरच्या वर, बरळणं, लघवी कमी होणं, उलट्यांमुळे गोळी न टिकणं, डोळ्याभोवती लाली, जखमेपासून वर चढत जाणारी लाल रेघ यातलं काहीही असेल तर घरी उपचार नकोत.

एक गुंतागुंत उशिरा येते. केसतूड बरं होऊन दोन-तीन आठवडे झाले, आणि आता पाठ किंवा कंबर रात्रंदिवस दुखते, संध्याकाळी कणकण येते. बाम चोळला जातो. स्टॅफ रक्तातून मणक्यात, सांध्यात किंवा हृदयाच्या झडपेवर बसलेला असू शकतो. डॉक्टरांना मागच्या केसतुडाबद्दल आपणहून सांगा, नाहीतर त्यांना ते कळायला मार्ग नाही. रक्ताचं कल्चर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि मणक्याचं एमआरआय तिथून पुढे ठरतं.

पावसाळा सरताना ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा कमरेला बांधलेल्या नाडीखाली न दुखणारी, सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली दिसली तर ती केसतुडाची नव्हे. तो स्क्रब टायफस, गवतातल्या सूक्ष्म माइटच्या चावण्याने होणारा. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास त्याची मोठी लाट आली होती. त्यावर सेफॅलेक्सिन अजिबात चालत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं, आणि उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरतो. तसंच, फोड नाही, खाज नाही, फक्त फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं.

या आठवड्यात करायचं ते असं: वडिलांची एचबीए१सी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पायाची मोनोफिलामेंटने (बारीक नायलॉनच्या धाग्याने) जाणीव-तपासणी, तुमची साखर, आणि पुढचं केसतूड पिकलं की पुवाचं कल्चर, मुलाची खरूज आहे का ते पाहणं आणि पुढचे सहा आठवडे त्याच्या लघवीच्या रंगावर नजर. दवाखान्यात जाताना मागच्या तीन वर्षांत घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या किंवा चिठ्ठ्या घेऊन जा, आणि लाल पायाचे मोबाइलवरचे जुने फोटोही. मुलाला शाळेत पाठवायचं ते पोटातलं अँटिबायोटिक सुरू होऊन २४ तास झाल्यावर. फक्त मलम चालू असेल तर ओले फोड वाळेपर्यंत घरीच ठेवा.